घास आणि पिंजरा

मालवण-कुडाळकडच्या मुलांची शुगर ग्लायडरशी गाठ पडली ती मोबाइलच्या पडद्यावर. राखाडी पाठ, तिच्यावर डोक्यापासून निघालेला काळा पट्टा, चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे डोळे. खोलीच्या एका टोकाला पडद्याच्या दांडीवर ते बसलेलं असतं. दुसऱ्या टोकाहून कुणी हाक मारली की चारी पाय फाकून झेप घेतं आणि थेट माणसाच्या तळहातावर उतरतं. वजन शंभर ते दीडशे ग्रॅम, म्हणजे बऱ्यापैकी हापूस आंब्याच्या निम्मं. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींत त्याची खरेदी-विक्री चालते, आणि चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हा त्यांच्याबरोबर नव्या हौशीही येतात. मुलगा हट्ट धरतो. बाप किंमत विचारतो. आजीचा प्रश्न मात्र मुद्द्याचा असतो, "ता रातभर जागतला, मगे तू निजतलंस कधी?"

आजीला जनावराची माहिती नसेल, पण पाळणं म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक आहे. गोठा तिने सांभाळलेला आहे.

शुगर ग्लायडर आणावा का, हा प्रश्न पहिल्यांदा पैशाचा वाटतो, मग सोयीचा, मग कायद्याचा. पैसे जमतात, सोय करता येते, कायद्यातही वाट निघते. त्यानंतर जे उरतं ते धर्माचं असतं. दुसऱ्या जिवाचं आयुष्य आपल्या आनंदासाठी आपल्या घरात वळवून घेण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो? आणि तो मिळतच नसेल, तर गोठ्यातली गाय, खळ्यात झोपलेला कुत्रा, परसातल्या कोंबड्या यांचं काय?

आधी जनावर नीट पाहिलं पाहिजे. शुगर ग्लायडर खारीच्या कुळातलं नाही. ते कांगारूसारखं पोटाला पिशवी असलेलं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी हा त्याचा मुलूख. सोळा-सतरा दिवसांत पिल्लू जन्मतं, तेव्हा ते तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसतं. पुढचे सुमारे सत्तर दिवस ते आईच्या पिशवीत दुधावर वाढतं. मोठं झालं की पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणलेल्या कातडीच्या जोरावर झाडावरून झाडावर पन्नास मीटरपर्यंत तरंगत जातं. झाडाचा चीक, डिंक, फुलातला मध आणि किडे हा त्याचा आहार. दिवसा ढोलीत सात-आठ जण अंगाला अंग लावून झोपतात, आणि टोळीतला मुख्य नर आपल्या कपाळावरच्या ग्रंथीचा वास बाकीच्यांना लावून ठेवतो. त्या वासावरून आपलं कोण आणि परकं कोण ते ठरतं. म्हणजे रात्र, उंची आणि गोतावळा या तीन गोष्टींवर हे आयुष्य उभं आहे. पिंजऱ्यात नेमक्या या तीनच गोष्टी देणं सगळ्यात कठीण.

एकट्या ठेवलेल्या ग्लायडरच्या हकिकती पशुवैद्यांना चांगल्या माहीत आहेत. तो खाणं सोडतो, अंगावरचे केस उपटतो, काही वेळा स्वतःची शेपटी किंवा पाय कुरतडतो. आहारात कॅल्शियम कमी पडलं तर मागचे पाय लुळे पडतात. फळं घातली म्हणजे झालं, या समजुतीने पाळलेल्यांची बहुधा हीच गत होते. अमेरिकेत ही हौस मुख्यतः १९९० नंतर फोफावली. तिथल्या पाळीव ग्लायडरांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्यांचे पूर्वज इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम पापुआत, सोरोंगच्या आसपासच्या जंगलात सापडले. कुत्रा माणसाच्या शेकोटीजवळ आला त्याला पंधरा हजार वर्षं तरी झाली. ग्लायडरला पिंजऱ्यात येऊन जेमतेम माणसाच्या दीड पिढ्या होतायत. त्याला पाळीव म्हणणं हे दुकानदाराचं बोलणं आहे.

गंमत अशी की ज्या जिल्ह्यात हा परदेशी तरंगता प्राणी आणायचं चाललंय, त्या जिल्ह्यात घरचेच तरंगणारे चार आहेत. आंबोली-तिळारीच्या जंगलात मोठी उडती खार रात्री एका झाडाच्या शेंड्यावरून निघते आणि शंभर मीटर पलीकडच्या बुंध्यावर उतरते. सुपारीच्या बागेत उडता सरडा बरगड्यांवरची कातडी पसरून खोडावरून खोडावर जातो. पावसाळ्यात आंबोलीला हिरवागार उडता बेडूक बोटांमधले पडदे ताणून फांदीवरून खाली येतो आणि पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो. आणि उडता सोनसर्प अंग चपटं करून झाडावरून हवेत झोकून देतो. हे चौघे एकमेकांचे कुणी लागत नाहीत, ग्लायडरचेही नाहीत. उंच झाडांच्या जंगलात राहायचं तर तरंगण्याची विद्या कामाची, म्हणून ज्याने त्याने ती स्वतंत्रपणे मिळवली. उडती खार बघायची असेल तर थंडीत बॅटरी घेऊन रात्री बाहेर पडावं लागतं, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं, आणि दिसेल याची हमी नसते. तळहातावर येणाऱ्या जनावरात ती हमी असते. विकत घेतली जाते ती मुख्यतः हीच.

इथे भागवतातला भरत राजा आठवल्याशिवाय राहत नाही. पाचव्या स्कंधातली ही गोष्ट कीर्तनकारांनी कोकणातल्या देवळादेवळांतून सांगितली आहे, तरी तिच्यातली बारीक गोम बहुतेक वेळा निसटते. भरत राज्य सोडून गंडकीच्या काठी पुलहाश्रमात तप करतो. एक गाभण हरिणी पाणी पिताना सिंहाची डरकाळी ऐकते, घाबरून नदीवरून उडी घेते, गर्भ पाण्यात पडतो, ती मरते. राजा वाहत चाललेलं पाडस उचलतो आणि आश्रमात आणतो. पुढे एकेक नेम मोडत जातो. पाडस जरा दृष्टीआड झालं की त्याला लांडग्याने तर खाल्लं नसेल, या काळजीने तो कासावीस होतो. मरताना डोळ्यांपुढे हरणच असतं, आणि पुढचा जन्म हरणाचा येतो.

सहसा यातून काढतात ते एवढंच: माया वाईट, जनावराला जीव लावू नये. पण मूळ कथा पाडस पाण्यातून उचलण्याला दोष देत नाही. बुडत्या पिल्लाला वाचवणं हे राजाचं कर्तव्यच होतं. दोष नंतर शिरतो. हरीण मोठं होतं, रानात चरायला जातं, परत येतं. त्याला कुणी बांधलेलं नाही. बांधलेला आहे तो राजा. आपण नसलो तर याचं कसं होणार, या विचाराला तो दया समजतो. त्या विचाराखाली दडलेलं 'हे माझं आहे' त्याच्या ध्यानात येत नाही. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दाखला दिला आहे. पोपटाच्या भाराने नळी फिरते, पोपट घाबरून तीच घट्ट आवळतो आणि आपण अडकलो असं धरून चालतो. माणसाच्या घरातल्या पिंजऱ्याविषयी बोलताना हा दाखला उलटा लावून पाहावा. पिंजऱ्याच्या आत जनावर असतं हे खरं. नळी आवळून बसलेला पोपट बाहेर उभा असण्याची शक्यता बरीच असते.

भरताची गोष्ट इथे थांबत नाही, हे तिचं मोठेपण. हरणाच्या जन्मात त्याला मागचं सगळं आठवतं. तो आईला सोडून पुन्हा पुलहाश्रमात येतो. तिसऱ्या जन्मी तो जडभरत होतो, आणि रहूगण राजाचे लोक त्याला पालखीला जुंपतात. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो पुढची जमीन बघत पाऊल टाकतो, त्यामुळे पालखी हेलकावते आणि राजा चिडतो. एका हरणाला छातीशी धरणारा माणूस दोन जन्मांनी मुंगीसाठी पाय जपून टाकतो, आणि कुठलीच मुंगी त्याची नसते. जिवांविषयीची माया त्याच्यात कमी झालेली नाही. तिच्यातून फक्त मालकी गळाली आहे.

सिंधुदुर्गात दत्ताचं स्थान मोठं. कुडाळ तालुक्यातलं माणगाव हे वासुदेवानंद सरस्वतींचं, म्हणजे टेंबे स्वामींचं जन्मगाव. जन्म १८५४, समाधी १९१४ साली नर्मदाकाठच्या गरुडेश्वरला. मधल्या काळात त्यांनी पायी भारत पालथा घातला. माणगावच्या दत्तमंदिरात जाणाऱ्या घरोघरी भिंतीवर दत्ताची तसबीर असते: मागे गाय, पायाशी चार कुत्रे. गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्रे म्हणजे वेद, असा अर्थ लावतात. तो बाजूला ठेवून तसबीर नुसती पाहिली तरी एक गोष्ट दिसते. गाईच्या गळ्यात दावं नाही, कुत्र्यांच्या गळ्यात साखळी नाही. ती जनावरं दत्ताची आहेत असं म्हणण्यापेक्षा दत्ताबरोबर आहेत असं म्हणणं जास्त बरोबर. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंपैकी अकरा पशू, पक्षी, मासा, कीटक आहेत: कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी, कुंभारमाशी. या अकरांपैकी एकालाही त्याने घरी आणलं नाही. अर्थात अवधूताला घरच नव्हतं, हे कुणी म्हणेल तर तेही खरंच आहे.

घर असलेल्यांसाठी परंपरेने वेगळी सोय केली होती. गृहस्थाच्या रोजच्या पाच यज्ञांत एक भूतयज्ञ आहे: शिजलेल्या अन्नातला घास माणसाखेरीजच्या जिवांसाठी बाहेर ठेवायचा. गोग्रास, काकबळी, कुत्र्याची पोळी ही सगळी त्याचीच रूपं. पितृपक्षात कावळा शिवला नाही तर घरातली मोठी माणसं हवालदिल होतात. कावळ्याने यावं की नाही हे कावळाच ठरवतो, आणि सगळ्या विधीचा जीव त्या अनिश्चिततेत असतो. पिंजऱ्यातला कावळा काढून पिंडाला शिववला तर कुणीही ते श्राद्ध मानणार नाही. नामदेवांची कुत्र्याची गोष्टही याच वळणाची. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. धावले, पण धरलं नाही.

कोकणच्या जुन्या घरांना ही शेजारधर्माची रीत चांगली अवगत आहे. कौलारू घराच्या माळ्यावर कांडेचोर राहतो. रात्री तुळयांवरून त्याची धावपळ चालते, फणस-केळी तो खातो, घाण करतो, त्याला शिव्याही बसतात. त्याला कुणी आणलेलं नाही आणि सहसा कुणी हाकलतही नाही. कॅनडातल्या सू डोनाल्डसन आणि विल किमलिका या तत्त्वज्ञांनी २०११ साली 'झूपोलिस' या पुस्तकात जनावरांच्या तीन तऱ्हा मांडल्या: माणसाच्या समाजात मुरलेली पाळीव जनावरं, आपापल्या मुलखात सार्वभौम असलेली रानटी जनावरं, आणि दोन्हींच्या मधली, आपल्यात राहणारी पण आपली नसलेली. मालवणी माळ्यावरच्या कांडेचोराची सोय लागली ती या तिसऱ्या तऱ्हेत. शुगर ग्लायडरची पंचाईत अशी की तो जन्माने दुसऱ्या तऱ्हेचा असून त्याला पहिल्या तऱ्हेत कोंबलं जातं.

आता सगळ्यात जड आक्षेप. हे सगळं कुठे सांगताय? मालवणात! जिथे मासळीशिवाय जेवण गोड लागत नाही, जिथे सोमवार, संकष्टी आणि श्रावण सोडला तर ताटात बांगडा नाही तर सुरमई हवीच, तिथे एका चिमुकल्या जनावराच्या पिंजऱ्यावर धर्मचर्चा करायची? बाजारात तडफडणारा मासा चालतो आणि सफरचंदाची फोड खाणारा ग्लायडर चालत नाही, हे कुठलं तत्त्वज्ञान?

आक्षेप खरा आहे, आणि गोड बोलून तो जात नाही. अहिंसेचं निखळ माप लावलं तर मालवण नापास होतं. पण दर्यावर जाणाऱ्याच्या व्यवहाराचीही एक नीती आहे. तो मारतो ते खाण्यासाठी, आणि मारलं असं म्हणतो. सरकारी नियमाने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याच्याही आधीपासून पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ देऊन पुन्हा पाण्यात जात. घेतो त्याची परवानगी मागायची, काही काळ हात आखडता घ्यायचा. या व्यवहारात मासा खायची वस्तू असतो; त्याने आपल्यावर प्रेम करावं अशी मागणी त्याच्याकडे कुणी करत नाही. पाळलेल्या जनावराकडे ती असते. बारा-बारा वर्षं त्याला कोंडायचं आणि वर त्याने आपलं व्हावं, याचा हिशोब मारून खाण्यापेक्षा हलका आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मांसाहारी माणसाने जनावर पाळण्याच्या नैतिकतेवर बोलू नये, हा युक्तिवाद सोपा आहे म्हणून आवडतो. तो खरा धरला तर एका दोषाच्या आडोशाने दुसरा करायची मुभा मिळते, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या ग्लायडरने जंगल पाहिलेलंच नाही. त्याला काय हुकलं? नीट सांभाळला तर तो दहा-बारा वर्षं जगतो, रानात इतकं जगणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. घुबड नाही, अजगर नाही, उपासमार नाही. मग बिघडलं कुठे? गीतेतला स्वधर्म शब्द माणसांच्या कर्तव्यांविषयी आहे, पण त्याची एक छटा इथे उपयोगी पडते: ज्याचं त्याचं जगणं ज्याच्या त्याच्या घडणीतून येतं. ग्लायडरच्या अंगावरची कातडी पन्नास मीटरची आहे आणि घरातली सगळ्यात मोठी खोली पाच मीटरची. ते अंतर त्याने कधी पाहिलं नसलं तरी त्याची हाडं आणि स्नायू त्यासाठीच घडलेले आहेत. आयुष्याची वर्षं वाढवून त्यातलं करायचं काम काढून घेतलं तर वाढीव वर्षं नेमकी कुणासाठी, हे विचारावं लागतं. इथे एका गोष्टीची कबुली द्यायला हवी: जुन्या गोठ्यातल्या म्हशीलाही हा प्रश्न लागू होतो, आणि तिथेही त्याचं उत्तर फार सुखाचं नाही.

प्रेम खरं असूनही प्रश्न सुटत नाही, याचं उदाहरण घाटावर, शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात घडलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात महादेवी नावाची हत्तीण १९९२ पासून होती. लोक तिला माधुरी म्हणत. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि महिना संपता संपता ती गेली. निरोपाला गाव लोटलं, माणसं ढसाढसा रडली, नंतर नांदणी ते कोल्हापूर पदयात्रा निघाली. त्या अश्रूंत खोटं काही नव्हतं. अहिंसेला जगात सगळ्यात काटेकोर मानणाऱ्या धर्माचा तो मठ. आणि तरीही न्यायालयापुढे आलेला प्रश्न असा होता की कळपात राहणारं जनावर तीस वर्षं एकटं राहिलं, त्याच्या पायांचं आणि मनाचं काय. बड्या उद्योगसमूहाचं केंद्र हे त्यावरचं उत्तर आहे का, यावर भांडायला भरपूर जागा आहे, आणि महाराष्ट्र भांडलाही. पण एकटेपणाचा मुद्दा मिरवणुकीने खोडला जात नाही. तीन टनांच्या हत्तिणीला तो लागू असेल तर दीडशे ग्रॅमच्या ग्लायडरला नाही, असं म्हणायला आधार काय?

कायदा इथे अर्धवट मदत करतो. घराच्या पडवीत पोपट 'विठू विठू' बोलतो ते कुणाला गुन्हा वाटत नाही, पण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पाळता येत नाही. नशिबासाठी घरात ठेवलेलं चांदणी कासवही तसंच. देवळाच्या दाराशी दगडी कासव असतं ते इंद्रियं आत ओढून घेण्याची खूण म्हणून. ती खूण वाचण्याऐवजी जिवंत कासव काचेच्या पेटीत टाकून पैसा येण्याची वाट बघणाऱ्यांची भक्ती निराळीच म्हणायची. ग्लायडर मात्र परदेशी, त्यामुळे देशी प्राण्यांचं हे संरक्षण त्याला नाही. आयातीला परवाने लागतात, आणि चोरवाटाही आहेतच: जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून विषारी साप, पाली, पक्षी आणि झाडांवर राहणारे पोसमसुद्धा निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवरच्या निकालात जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांना घटनेचा आधार दिला. २०२३ साली घटनापीठाने बैलगाडा शर्यतींच्या कायद्यांना मान्यता देताना जनावरांना मूलभूत हक्क आहेत असं म्हणायला नकार दिला. न्यायमूर्तींचीही भूमिका जिथे स्थिर नाही, तिथे 'कायद्याने चालतं ना?' या प्रश्नावर सगळा भार टाकणं योग्य नाही.

जनावर हातात घेणं हे नेहमी धरून ठेवणंच असतं का? नसतं, आणि त्याचा पुरावा याच किनाऱ्यावर आहे. वेंगुर्ल्याच्या वायंगणीला, शिरोड्याला, देवगडच्या तांबळडेगला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वाळूत अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी खाल्ली जात. आता गावातली माणसं ती उचलून कुंपण घातलेल्या वाळूत पुरतात, कोल्ह्याकुत्र्यांपासून राखतात, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की टोपलीतून नेऊन पाण्याच्या जरा अलीकडे सोडतात. पाण्यात का टाकत नाहीत? कारण वाळूवरचे ते काही हात पिल्लाने स्वतः चालायचे असतात. राखणदार दोन महिने रात्री जागतो आणि ज्या दिवशी त्याचं जनावर सगळ्यात लोभस दिसतं त्याच दिवशी सोडतो. त्यातलं किती मोठं होणार, कोणतं परत येणार, हे त्याला कधीच कळणार नाही.

आंबोलीच्या हिरण्यकेशीचं उदाहरणही मोठं मजेशीर आहे. देवळाच्या कुंडात एका नव्या जातीचा छोटा मासा सापडला, २०२० साली त्याला शिस्तुरा हिरण्यकेशी नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. रंगीत मासा, दुर्मीळ मासा. हौशी लोकांच्या काचेच्या टाकीत तो सहज गेला असता. तो जिथे होता तिथेच राहिला, कारण ते पाणी आधीच देवाचं होतं. देवराया टिकल्या त्याही याच हिशोबाने. राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा दंडक भीतीचा असेल, भाबडा असेल. पण 'आवडलं म्हणून घरी नेलं' या सवयीला इतका स्वच्छ लगाम दुसऱ्या कुणी क्वचितच घातला असेल.

तेव्हा हट्ट धरणाऱ्या मुलाला सरळ नाही म्हणावं, असंच या लेखाचं मत आहे, आणि नाही म्हणून थांबू नये. त्याला थंडीत आंबोलीला रात्री न्यावं, फेब्रुवारी-मार्चमध्ये वायंगणीला पहाटे न्यावं. रस्त्यावरचं एखादं कुत्र्याचं पिल्लू आपण होऊन मागे आलं तर त्याला ठेवून घ्यावं. युधिष्ठिरानेही स्वर्गाच्या दारात ज्या कुत्र्यासाठी हट्ट धरला तो त्याने आणलेला नव्हता, मागे आलेला होता. बारा वर्षांच्या मुलाने आज आणलेला ग्लायडर तो मुलगा पुण्याला नोकरीला लागेपर्यंत जगायचा आहे, हाही हिशोब त्याच्यापुढे ठेवावा. मुलांना हिशोब कळतात.

राहता राहिले ते, ज्यांच्या घरी तो आधीच आलाय. त्यांची गत भरतासारखी: पाडस पाण्यातून काढून झालंय, आता ते टाकता येत नाही. सोडून देणं हा तर पर्यायच नाही. टास्मानियात एकोणिसाव्या शतकात माणसांनी नेलेले शुगर ग्लायडर आज ढोलीत अंड्यांवर बसलेल्या स्विफ्ट पॅरट माद्यांना मारून खातात, आणि तो पोपट नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. आंबोलीच्या ढोल्यांत हा प्रयोग करायची गरज नाही. घरातल्या ग्लायडरला उंच पिंजरा हवा, रात्री खोलीत मोकळं सोडणं हवं, कॅल्शियमचा तोल राखलेला आहार हवा, आणि परदेशी सस्तन प्राण्यांवर हात बसलेला पशुवैद्य. तालुक्याच्या दवाखान्याचा दिवस गाई-म्हशींत जातो. या सगळ्याच्या आधी त्याला सोबत हवी. आणि सोबतीसाठी दुकानातून दुसरा विकत आणला की त्याच व्यापाराला पुन्हा पैसे जातात, तिसऱ्याची मागणी तयार होते. म्हणून सोबती शोधायचा तो हौस फिटून कंटाळलेल्या कुणाकडचा, फुकट दिला जाणारा, आणि नराची नसबंदी आधी उरकून मगच दोघांना एकत्र ठेवायचं.